आमच्या लग्नाची फोटोवाली

माझं लग्न ठरलं त्या दिवशी पाहुण्यांची गाडी रस्त्याला लागली आणि बाबांनी पहिलं वाक्य काढलं ते हॉलबद्दल नव्हतं, जेवणाबद्दल नव्हतं, तारखेबद्दलही नव्हतं. ओसरीतल्या खुर्चीवर बसत ते म्हणाले, "फोटोवाला मी पाहीन. बाकी तुमी मायलेकी काय करायचं ते करा."

आई कपबशा गोळा करत होती, ती जागीच थांबली. बाबा म्हणजे कापूस, तूर आणि सोयाबीन. बियाणं कोणतं आणायचं, फवारणी कधी घ्यायची, हा त्यांचा प्रांत. फोटोशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. घरात त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकच फोटो होता आणि त्यातही ते बैलाच्या मागे अर्धे झाकलेले होते.

पण कारण मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी माझ्या चुलतभावाचं लग्न यवतमाळला एका लॉनवर झालं. बाबांचा पुतण्यावर फार जीव. त्यांनी नवा पांढरा सदरा शिवला आणि बाकीचं वऱ्हाड यायच्या कितीतरी आधी जाऊन पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसले. मंगलाष्टकं सुरू झाली तशी त्यांच्यापुढे माणसांची एक भिंत उभी राहिली. कॅमेरेवाले, लाइटवाले, आणि लाइटवाल्यांच्या वायरी सांभाळणारे. बाबा डावीकडून वाकले, उजवीकडून वाकले, शेवटी खुर्चीवर चढले, तर मागच्या बायकांनी सदरा ओढून त्यांना खाली उतरवलं. बाबांनी टाकलेल्या अक्षता समोरच्या एका काळ्या टी-शर्टवर पडल्या. तो टी-शर्ट वळला आणि म्हणाला, "काका, लेन्सवर नका फेकू."

घरी आल्यावर जो भेटेल त्याला बाबा सांगत होते, "माह्या पुतन्याचं लगन मी टीव्हीवर पाह्यलं. बाजूले मोठा टीव्ही लावला होता, त्याच्यात. एवढ्यासाठी मी यवतमाळले कायले गेलतो?"

आईची अडचण वेगळी. आईचे फोटोत डोळे मिटतात. एखाद्या फोटोत नाही, सगळ्याच. तिच्या स्वतःच्या लग्नापासून माझ्या बारशापर्यंत आणि तिथून मतदार ओळखपत्रापर्यंत आई प्रत्येक ठिकाणी उभ्याउभ्या झोपलेली आहे. आधार कार्ड काढायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाने बराच वेळ घाम पुसला आणि शेवटी माझ्या आत्याला विनंती केली. आत्याने मागे उभं राहून दोन्ही हातांनी आईच्या पापण्या वर धरल्या, तेव्हा कुठे डोळ्यांचं स्कॅनिंग झालं. फोटो मात्र मिटल्या डोळ्यांचाच गेला.

"तुह्या लग्नात तरी माहे डोळे उघडे आले पायजेत," आई मला म्हणाली. "नवरीची माय मी. उद्या तुहे लेकरं फोटो पाहतीन आन् इचारतीन, आजी झोपली काहून?"

मी घाटंजीला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होते. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर लग्नांचे व्हिडिओ बघायचे. सूर्यास्त, उडणारी ओढणी, तळ्याकाठी हळूहळू धावणारं जोडपं. मलाही तसं धावायचं होतं. होणारा नवरा ढाणकीचा, घरचा धान्याचा व्यापार. तो धावायला तयार आहे का, असं मी फोनवर विचारलं. "चालते," तो म्हणाला. तो सगळ्यालाच चालते म्हणायचा.

तीन माणसं आणि तीन मागण्या. बाबांना मध्ये न येणारा फोटोवाला पाहिजे होता, आईला डोळे उघडे पाहिजे होते, मला ओढणी उडवायची होती. बाबांनीच तोड काढली. "आपन परीक्षा घेऊ. जो तुह्या मायचे डोळे उघडून दाखवीन, त्याच्याशी बोलनी. नाही तर रामराम."

पहिला स्टुडिओ यवतमाळचा. वर पहिल्या मजल्यावर, आत गारेगार, आणि सोफा इतका खोल की बाबा बसले ते खाली जातच राहिले. मालक नीट कोरलेल्या दाढीचा तरुण होता. त्याने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकामागून एक जोडपी दाखवायला सुरुवात केली. टेकडीवरचं जोडपं, पुलावरचं जोडपं, झाडाला टेकलेलं जोडपं. मी सोफ्याच्या कडेला सरकून बसले होते. बाबाही फार लक्ष देऊन बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ह्या साऱ्या पोरीचा नवरा एकच हाय काय?"

"नाही काका. सगळे वेगवेगळे कपल आहेत."

"मंग कोट एकच काहून?"

मालकाने दाढीवरून हात फिरवला. "तो स्टुडिओचा ब्लेझर आहे काका. पॅकेजमध्येच येतो."

"म्हंजे माह्या जावयालेही तोच?"

"साइजचं टेन्शन नाही. मागून चिमटे लावतो आम्ही."

बाबांनी सोफ्यातूनच माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तरी परीक्षा घेतल्याशिवाय निघायचं नाही, म्हणून आईला स्टुलावर बसवलं. मालकाने सगळे उपाय केले. बोटाकडे बघा म्हणाला, खाली बघून पटकन वर बघा म्हणाला, मी तीन म्हणेन तेव्हाच डोळे उघडा म्हणाला. आईने डोळे उघडले आणि तीन ऐकायच्या आत मिटले. शेवटी तो हसून म्हणाला, "काही नाही काकू, एडिटिंगमध्ये उघडून देऊ."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. आईचे डोळे खरोखरच उघडे होते. मोठे, टपोरे, काजळ घातलेले. ते माझे डोळे होते. त्या दिवशी त्याने माझाही एक फोटो काढला होता, त्यातले उचलून आईला बसवले होते. अंगणात वाघ बघितल्यासारखी दिसत होती ती. बाबांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "ही बाई कोन हाय? चेहरा तं ओळखीचा वाटून राह्यला."

आई म्हणाली, "पुसून टाक तो फोटो." मी पुसला. तोवर आत्याने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली तिघीचौघींनी देवीचा फोटो समजून हात जोडले होते.

दुसरा फोटोवाला पांढरकवड्याचा. तो आपणहून मोटारसायकलवर आमच्या शेतात आला, कारण त्याला लोकेशन बघायचं होतं. डोळ्यांवर गॉगल, पाठीवर भली मोठी बॅग. त्या दिवसांत वेचणी जोरात होती. बाया ओळीने कापूस वेचत होत्या, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बैलगाडी जुंपून उभी होती आणि बाबा गाठोडी गाडीत चढवत होते. पोरगा खूश झाला. "एवढा पांढराशुभ्र सीन पैसे देऊन नाही मिळत, ताई," म्हणाला. बॅगेतून त्याने ड्रोन काढलं, धुऱ्यावर ठेवलं आणि उडवलं.

बायांनी हात थांबवून वर पाहिलं. बैलांनीही वर पाहिलं. बायांना ते आवडलं, बैलांना नाही. गाडी उधळली ती थेट शेजारच्या तुरीत. एकेक गाठोडं सुटून पडायला लागलं आणि धुऱ्याभर कापूस झाला. बाबा धोतर सावरत मागे धावले. मला वाटलं पोरगा घाबरून ड्रोन खाली घेईल. तो ते बाबांच्या डोक्यावरून पुढे नेत ओरडला, "काका, थांबू नका! कडक येऊन राह्यलं!"

आई कडुनिंबाखाली डबे सोडत बसली होती. ती बाहेर आली, वर पाहिलं, आणि खाली वाकून तिने ढेकूळ उचललं.

बैल मिळाले. ढेकूळ ड्रोनला लागलं नाही. संध्याकाळी त्या पोराने इमानदारीने सगळं पाठवून दिलं. त्यात आईचा वरून काढलेला फोटो होता. मान मागे, हात उगारलेला, डोळे लख्ख उघडे आणि तोंडही. नियमाने बघायला गेलं तर तो पास झाला होता. मी तसं बाबांना म्हटलंही.

"माह्याकडून पास झाला," बाबा पायाला तेल चोळत म्हणाले, "पन बैलायनं नापास केला."

बाबांच्या धावण्याचा व्हिडिओ मात्र गावात गेला, गावातून घाटंजीत गेला, आणि कोणत्या वाटेने कोण जाणे ढाणकीला पोचला. होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. आधी तो बराच वेळ दुसरंच काहीतरी बोलला. मग म्हणाला, "बाबा चांगले पळतात."

तिसरी मला आमच्या दुकानाच्या काउंटरवर भेटली. डोकेदुखीची गोळी घ्यायला आली होती. माझ्याच वयाची, केस कसेतरी वर बांधलेले, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. "दोन दिवस डीजेच्या बाजूले उभी होती," म्हणाली, "आता घरातला कुकर वाजला तरी नाचायले लोक येतीन असं वाटते." मी हसले. माझ्या हातावरून नजर फिरवून तिने विचारलं, "अंगठी नवी दिसते. लग्न कोन करून राह्यलं तुमचं?"

मला वाटलं नवऱ्याचं विचारते. मी ढाणकीचं घराणं सांगितलं.

"ते नाही व. फोटो कोन करून राह्यलं?"

बसस्थानकामागच्या गल्लीत तिचा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्राचे फोटो, आणि आता लग्नं. तिचे अब्बा पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. मी घरी हे सांगितलं तेव्हा बाबांचा चेहराच बदलला. आमच्या विहिरीवरची मोटार त्यांच्याकडेच जायची. "त्याच्या हातची मोटार पुन्हा जळत नाही," बाबा म्हणाले. "येऊ दे पोरीले."

आत्या तिथेच बसली होती. "पोट्टी लग्नात फोटो काढीन? एवढ्या मानसायच्या धक्क्यात?"

"तुमी आधारच्या टायमाले वयनीच्या पापन्या धरल्या ना," बाबा म्हणाले, "मंग तिले कॅमेरा धरता येत नसन काय?"

ती आली तेव्हा आई गच्चीवर खारोड्या घालत होती. बाजरीचं शिजवलेलं पीठ, हात ओले करून त्याचे छोटे छोटे ठोंब प्लॅस्टिकवर टाकायचे आणि उन्हात वाळवायचे. ह्या कामात आई कोणाशी बोलत नाही. फोटोवालीने कॅमेरा दाखवलाही नाही. चपला जिन्यात सोडून वर आली, आईशेजारी उकिडवी बसली, न विचारता पातेल्यात बोट घातलं आणि चाटलं.

"काकू, मस्त झालं. मीठ थोडं कमी हाय."

आईचा हात हवेत थांबला. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात आईच्या खारोड्यांच्या मिठाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. डबे भरभरून पुण्यापर्यंत जातात त्या. आई तिच्याकडे वळली, पिठाचं बोट वर केलं आणि म्हणाली, "कमी? मीठ कमी? अव, वाळल्यावर मीठ वर येते, हे तुह्या मायनं नाही सांगतलं तुले?"

खट्ट असा आवाज झाला. कॅमेरा तिने ओढणीखाली धरला होता.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघितला आणि मी जिन्यात जाऊन हसले. आईचं बोट रोखलेलं, गालावर पिठाचा ठिपका, आणि डोळे असे उघडे की समोरचा माणूस आपोआप दोन पावलं मागे सरावा. आई चिडली. "हा काय फोटो हाय? मी भांडून राह्यली याच्यात!" बाबांना वर बोलावलं. त्यांनी फोटो पाहिला. मग त्यांना हसू आलं, हसता हसता ठसका लागला, आणि आईनेच त्यांना पाणी दिलं. "इतके वर्सं मी लोकायले सांगतो तं कोनी मानत नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "आता हा दाखवीन."

मिठाचं तिने मुद्दाम म्हटलं होतं की खरंच तिला कमी वाटलं होतं, हे तिने आजवर सांगितलेलं नाही. आई मात्र त्या वर्षीपासून चिमूटभर जास्त घालते.

बाबांनी तिला एकच अट घातली. "बाई, तू फोटो काढ नाही तं काढू नको, पन लगन लागते त्या टायमाले माह्या आन् पोरीच्या मधात येजो नको."

"काका, मी दिसनारच नाही," ती बेधडक म्हणाली.

उडत्या ओढणीचं मी तिला चाचरत सांगितलं. तिने माझ्या होणाऱ्या नवऱ्याला एका रविवारी घाटंजीला बोलावून घेतलं आणि बसस्थानकासमोर आम्हा दोघांना आलूबोंडे खाताना टिपलं. तिखट लागून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते फोटोत फार प्रेमळ दिसतं. ओढणी एकदाच उडाली, एसटी जवळून गेली तेव्हा.

एवढं सगळं जुळल्यावर ढाणकीहून सासऱ्यांचा फोन आला. फोटोची चिंता करू नका, आमची पूर्ण टीम येते आहे, म्हणाले. बाबांनी आमचीही फोटोवाली ठरल्याचं सांगितलं. सासरे मोठ्या मनाने म्हणाले, "येऊ द्या की. तिचीही शिकवणी होईल."

हे मी तिला सांगायला नको होतं. पण सांगितलं.

लग्न एप्रिलमधलं, उन्हाचं. हॉलचे पंखे गरम हवा इकडून तिकडे नेत होते. वरात नाचून नाचून उशिरा पोचली आणि तिच्यापुढे टीम पोचली. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, हातात मोठाले लाइट, आणि एक लांबलचक दांडा, ज्याच्या टोकाला कॅमेरा होता. त्याला क्रेन म्हणायचे. क्रेन हॉलभर भिरभिरायला लागली. माझ्या मामांचा फेटा तिने अलगद उचलला आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी हे सगळं पाहिलं आणि स्टेजच्या अगदी पायरीशी जाऊन उभे राहिले. आमची फोटोवाली पांढऱ्या कुडत्यात, बाबांना दिलेल्या शब्दाप्रमाणे, बाजूच्या खांबाशी उभी होती.

अंतरपाट दूर झाला तोवर ठीक होतं. माळा घातल्या. मग लग्न लावणाऱ्या महाराजांनी मंगळसूत्र उचललं आणि काळे टी-शर्ट चहूबाजूंनी आत सरकले. मला समोर फक्त लाइट दिसत होता. त्या पलीकडे कुठेतरी तिचा आवाज येत होता. "भाऊ, जरा जागा द्या. भाऊ, मलेही काढायचं हाय!" कोणीतरी म्हणालं, "ताई, साइडला व्हा, फ्रेममध्ये येऊन राह्यल्या तुम्ही." त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. तेवढ्यात माझ्या मानेला नवऱ्याची ओली बोटं लागली, ताशा वाजला, अक्षता पडल्या. मंगळसूत्र घालून झालं.

तिला एकही फोटो मिळाला नव्हता. बाबांना पायरीवरून एक खांदा, एक लाइट आणि माझ्या शालूचा काठ दिसला होता.

पुढे भेटीगाठी सुरू झाल्या, पाकिटं, आशीर्वाद, हसून हसून गाल दुखणं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की खांबाजवळ कोणी नाही.

ती सापडली आईला. शेवटच्या पंगतीला भात पुरतो का ते बघायला आई मागे स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेली, तर ही कांद्याच्या पोत्यांवर बसून रडत होती. स्वयंपाकाच्या बायांना वाटलं कांद्याने डोळ्यांत पाणी येतं, म्हणून त्यांनी तिला पोत्यांपासून लांब बसायला सांगितलं होतं. आईने विचारलं तशी तिने सगळं सांगून टाकलं. "काकू, मेन फोटोच नाही माह्याकडे. काकांले काय तोंड दाखवू? मंगळसूत्राशिवाय अल्बम कोन घेईन?"

आईने पदराने तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "तोंड धू. मी आणते त्यायले."

स्टेजवर येऊन तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जावयाले जेवायले उशीर होऊन राह्यला, आमच्यात नवरा-नवरीले आधी मागं घास देतात." अशी काही रीत आमच्यात नाही. आम्ही दोघं निघालो, मागोमाग बाबा आले, आणि काहीतरी आहे असा वास लागून आत्या आली.

शेडमध्ये चुलींवरच्या भाताच्या मोठाल्या गंजांतून वाफा निघत होत्या. एका बाजूला महाराज केळीच्या पानावर जेवायला बसले होते. आईने काय करायचं ते सांगितलं तसा त्यांचा घास थांबला. "ताई, असं नसते. एकदा लागलं ते लागलं. दोनदा कसं लागीन?"

"महाराज, तुमी जिलेबी घ्या," आई म्हणाली.

"पन मंगळसूत्र गळ्यातून काढायचं?" आत्याने कपाळाला हात लावला. "अपशकुन हाय तो!"

आता फोटोवालीचा आवाज परत आला होता. "आत्या, काढायचंच नाही. गळ्यातच राहू द्या. दादा, तुम्ही फक्त हात मागं न्या, बांधून राह्यल्यासारखे. ताई, मान थोडी खाली. पोत्यावरची टोपली कोनी उचला. काकू, तुम्ही इकडे. आत्या, तुम्ही रागावल्या ना, तशाच राहा, छान दिसून राह्यलं." महाराजांसकट सगळे तिचं ऐकायला लागले. अक्षता नव्हत्या. एका बाईने तांदळाच्या पोत्यातले मूठमूठ तांदूळ काढले, दुसरीने हळदीच्या डब्यात बोट घालून त्यांना लावलं आणि सगळ्या बायांना वाटले.

"चालते?" मी नवऱ्याला हळूच विचारलं.

"मले तं पहिल्यांदा कळलंच नाही कसं झालं," तो म्हणाला. "घामानं बोटं घसरत होती. आता नीट करतो."

तिने सांगितल्याप्रमाणे तो उभा राहिला. मी मान खाली घातली आणि डोळे वर करून पाहिलं. समोर बाबा होते. त्यांच्या आणि माझ्यामध्ये कोणी नव्हतं. ते सदऱ्याचं बटण चाचपत अगदी सरळ उभे होते, शाळेत झेंड्यासमोर उभं राहतात तसे. नवऱ्याने हात मागे नेले. महाराजांना काय वाटलं कोण जाणे, जेवता जेवता त्यांनी शेवटचं मंगलाष्टक म्हटलं, तोंडात जिलेबी असताना, तरी सुरात. बायांनी तांदूळ टाकले. बाबांनी टाकले नाहीत. त्यांची मूठ तशीच मिटलेली राहिली. ते बघतच होते. त्यांचा खालचा ओठ हलत होता आणि मी तोवर न रडलेली तिथे रडले, वाफेत, कांद्यांसमोर.

"अव बाई, भात लागला!" कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या बाया गंजाकडे धावल्या.

तेवढ्यात टीमला सुगावा लागला. काळे टी-शर्ट शेडच्या दारात येऊन धडकले. क्रेन दारातून आत येईना. ते ती आडवी करून बघत होते, तिरपी करून बघत होते. बाबा वळले आणि शांतपणे म्हणाले, "पोरंहो, आता जेवन करून घ्या. जिलेबी गरम हाय."

दोन अल्बम आले. टीमचा अल्बम मखमली पेटीतून आला, इतका जड की तो मांडीवर घेतला की पाय बधिर होतो. त्यातला मंगळसूत्राचा फोटो अगदी सुरेख आहे, जाहिरातीत असतो तसा. आमच्या फोटोवालीच्या अल्बममध्ये मंगळसूत्राच्या मागे गंज आहेत, कांद्याची पोती आहेत, रागावलेली आत्या आहे आणि पानावर बसून गाणारे महाराज आहेत.

ढाणकीला सासूबाईंनी तो अल्बम उलगडला आणि त्या पानावर थांबल्या. "हे कुठलं ग?"

मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी अल्बम मिटून पेटीत ठेवला. संध्याकाळी भाकरी करताना त्या म्हणाल्या, "मला का नाही बोलावलं मग? माझा पोरगा होता ना तो. मलाही त्या गर्दीत काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, आपणच आणलेली माणसं, बोलायचं कोणाला?"

मी भाकरी उलटली.

दोन वर्षांनी दिराचं ठरत आलं, तारीखही धरून ठेवली. सासूबाईंनी माझ्याकडून घाटंजीचा नंबर घेतला आणि स्वतः फोन लावला. पलीकडून ती म्हणाली की त्या तारखेला तिच्याकडे दुसऱ्या लग्नाचं काम आहे, जमणार नाही. सासूबाई तासाभराने तयार होऊन, पदर नीट करून, महाराजांकडे जाऊन बसल्या आणि आठवडाभर पुढचा मुहूर्त मागून आल्या. सासरे दुकानातून घरी आले तेव्हा त्यांना हे कळलं. टोपी खुंटीला लावत ते म्हणाले, "मुलीची पत्रिका अजून जुळवायची आहे. फोटोवालीची आधी जुळवली का?"

"जुळली," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं.